मदत हवी आहे: जुन्या गोठ्याचं घर, सांडपाणी कुठे सोडायचं?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आमच्या गावी जुना गोठा आहे. भिंती जांभ्याच्या, अजून ठणठणीत. तिथे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम करतोय. बाकी सगळं जमेल, पण सांडपाण्यावर गाडी अडलीये.

गवंडी म्हणतात, "टाकीचा तळ मोकळा ठेवू, पाणी आपोआप जिरेल, उपसायची कटकट नको." मला हे पटत नाही. खाली कातळ आहे, पण जांभ्याला भेगा फार. त्यातून मैला न गाळताच झिरपायचा आणि उताराला शेजाऱ्यांची पिण्याची विहीर! पावसाळ्यात तिचं पाणी जवळजवळ काठाला येतं. शोषखड्डा (टाकीतलं पाणी जमिनीत जिरवायचा खड्डा) विहिरीपासून 18 मीटर तरी लांब हवा, तेवढं अंतर ओढूनताणून मिळतं. पण अशा भेगाळ कातळात तेवढ्यावर भागतं का?

माझा विचार असा: संडासासाठी तळ-भिंती पक्क्या केलेली दोन कप्प्यांची सेप्टिक टँक, त्यातलं पाणी वरच्या अंगाला मातीची भर घालून केलेल्या चरात. मात्र त्यासाठी पंप लागेल, आणि आमच्याकडे पावसात वीज किती टिकते ते विचारू नका. न्हाणी-मोरीचं पाणी वेगळं काढून, तेलकट गाळ अडवायला छोटी कुंडी बांधून, केळींना.

कोकणात कातळावर असं कुणी केलंय का? भर किती घातली? भर पावसात चर तुंबतो का? बायोडायजेस्टर (जिवाणूंकडून मैला कुजवणारी टाकी) वापरणाऱ्यांनीही सांगा, त्यातून बाहेर पडणारं पाणी तुम्ही कुठे जिरवता?