सेल्फ रेझिंग फ्लोअरला मराठीत काय म्हणायचं?

रामबागवाली: लंडनच्या नणंदेने केकची कृती पाठवली, ती सासूबाईंसाठी मराठीत लिहून देतेय. सेल्फ रेझिंग फ्लोअरला मी 'खमीरी मैदा' लिहिलं तर दीर म्हणाले साफ चूक. इथे इंदूरला तर सगळे खमीरच म्हणतात ना?

जुना तुकोगंज: दीर बरोबर आहेत. खमीर म्हणजे आंबवण, त्याला वेळ लागतो. ह्या पिठात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते, ओलं झालं की त्यातला सोडा आणि आम्ल भेटून गॅस होतो नि केक फुगतो, आंबायचा प्रश्नच नाही. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने 1845 मध्ये ह्याचं पेटंट घेतलं, जहाजावरच्या खलाशांना कडक बिस्किटांऐवजी ताजा पाव मिळावा म्हणून. मी 'स्वयंफुगी पीठ' म्हणेन.

पोळपाट: स्वयंफुगी?? असं कोण बोलतं हो काका, सियागंज बाजारात जाऊन मागून बघा. सरळ 'सोडा घातलेला मैदा' लिहा.

जुना तुकोगंज: दुकानदाराला समजत नाही म्हणून शब्द घडवायचेच नाहीत का? आणि नुसता सोडा म्हटलंत तर कुणी खरंच नुसता सोडा घालेल, केक कडवट होईल.

पोळपाट: हे मात्र खरं, माझा झालाय तसा.

सराफ्याजवळची: आमची आजी 'फुगीर मैदा' म्हणायची, नानकटाईसाठी पावडर मिसळून डबा भरून ठेवायची. पण फार दिवस ठेवू नये, दमट हवेत जोर जातो. घरी करायचा तर 100 ग्रॅम मैद्याला एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, नीट चाळून. अमेरिकन कृती असेल तर चिमूट मीठही, त्यांच्या पिठात असतं.

रामबागवाली: फुगीर मैदा आवडला! पण फुगीर म्हणजे आधीच फुगलेला ना, जसे फुगीर गाल?

जुना तुकोगंज: तेच तर म्हणतोय.

सराफ्याजवळची: लाजणारी ती लाजरी, तसा फुगणारा तो फुगरा म्हणा मग. आजीचा शब्द मी नाही सोडणार.

पोळपाट: बाफल्याच्या, म्हणजे उकडून भाजलेल्या बाटीच्या, कणकेतही सोडा आणि मोयन घालतात, त्याला कुणी नाव दिलंय का वेगळं?

जुना तुकोगंज: मोयन नाही, मोहन! मोयन हिंदी झालं.

पोळपाट: आमच्या घरी चार पिढ्या मोयनच म्हणतात, आम्ही काय मराठी नाही?

सराफ्याजवळची: आमच्याकडे शंकरपाळ्यांना मोहन नि बाफल्यांना मोयन, दोन्ही चालतं बाई.

रामबागवाली: अहो पण मी लिहू काय? सासूबाई मैदा चाळून बसल्यात.