मदत हवी आहे: कुत्रीची खाज घरच्या घरी, कमी खर्चात कशी आवरू?

आमची कुत्री सारखी खाजवतेय. शेपटीच्या बुडाशी आणि मागच्या मांड्यांवर जास्त, शिवाय रात्री पंजे चाटत बसते. जखम नाही, वास नाही, कुठे टक्कल पडलेलं नाही. लक्षण वाढलं तर डॉक्टरांकडे नेणारच आहे, पण सध्या हात आखडता आहे.

जागा पाहून मला पिसवांचाच संशय येतो. बारीक दातांच्या फणीने विंचरून निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवली, तर तांबूस डाग पसरला. ही पिसवांची विष्ठाच ना? पिसू मात्र एकही दिसली नाही. त्यांच्या लाळेची ॲलर्जी असेल तर थोडे चावेही पुरतात, हे ठाऊक आहे. तिचं अंथरूण गरम पाण्यात धुतलंय.

बिनसाखरेच्या साध्या ओट्सची अगदी बारीक पूड कोमट पाण्यात कालवून 10-15 मिनिटं अंगावर ठेवायची, हे कुणी केलंय का? किती दिवसांनी पुन्हा करायचं? दाट केसांतून ती पूड निघते का, की नंतर वेगळीच डोकेदुखी? आणि मानेवर टाकायचं पिसवांचं औषध आंघोळीनंतर किती दिवसांनी लावता?

घरात मांजरही आहे, त्यामुळे पर्मेथ्रिन असलेलं काही नको. मांजरांना ते विषारी असतं. टी ट्री ऑइलही कृपया सुचवू नका, ही बाई अंगाला लावलेलं सगळं चाटते.