करार वाढवून देतायत, पण मी बाहेर काम शोधतेय. सही करावी का?

निळीशाई
माझा एक वर्षाचा करार तीन आठवड्यांनी संपतोय. काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. मॅनेजरनी सहा महिन्यांची मुदतवाढ देऊ केलीय, पैसे तेवढेच. शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. इकडे मी दोन महिन्यांपासून कायमस्वरूपी नोकरी शोधतेय आणि एका ठिकाणी तिसऱ्या फेरीपर्यंत पोचलेय. सही केली आणि महिन्याभरात निघाले, तर ते शब्द फिरवणं होईल का? मला हे खरंच टोचतंय. टीम चांगली आहे, मॅनेजरनी मला खूप शिकवलंय.

जुनापक्षी
सही करा. तिसरी फेरी म्हणजे ऑफर नव्हे. मला एकदा ‘तुमचं नक्की झालंय, पत्र येईलच’ असं फोनवर सांगितलं होतं. मी त्या भरवशावर मुदतवाढ नाकारली आणि पुढच्याच आठवड्यात तिकडची भरती थांबली. चार महिने घरी बसलो. तोंडी होकारावर चूल पेटत नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका.
शब्द फिरवण्याबद्दल म्हणाल, तर नोटिशीचं कलम करारात असतं ते याचसाठी. दोन्ही बाजूंनी आधीच मान्य केलेलं असतं की मध्येच थांबावं लागू शकतं. ते कलम पाळून निघालात तर तुम्ही करार मोडलेला नाही, करारानुसारच वागलात.

सांधेवाला
मी दुसऱ्या बाजूला बसतो, टीम सांभाळतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मुदतवाढीवर सही झाली की आमच्याकडे बरंच काही हलतं. त्या जागेसाठी बघून ठेवलेल्या उमेदवाराला नाही कळवतो. पुढच्या रिलीजचं काम त्या माणसाच्या नावावर टाकतो, क्लायंटला तारीख देतो. माझ्याकडे एकाने सही केली आणि तीन आठवड्यांनी नोटीस दिली. कायद्याने काहीच चूक नव्हती. पण त्याचं काम उरलेल्या दोघांनी रात्री जागून ओढलं. पुढे त्याच्याबद्दल विचारायला एका कंपनीतून फोन आला. कामाबद्दल मी चांगलंच बोललो. ‘पुन्हा घ्याल का?’ या प्रश्नाला मात्र मला पटकन हो म्हणता आलं नाही.
निघायचं मनात पक्कं असेल तर सहा महिन्यांवर सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनापक्षी
आणि कंपनीचं बजेट कापलं गेलं तर? तुम्ही त्याला सहा महिने पूर्ण करू दिले असते का? नोटीस देऊन मोकळं केलं असतं, आणि आतल्या आत ते ठरत असताना त्याला आधी सांगितलंही नसतं. मग सगळा भार एकट्या माणसाच्या मनावरच का?

सांधेवाला
नसतं सांगितलं, हे मान्य. तेही मला बरोबर वाटत नाही. पण तो भार कंपनीवर पडला नाही, माझ्या टीममधल्या दोघांवर पडला.

कलमवाचक
भावनेचं बाजूला ठेवून आधी कागद काढा. नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का? मुदतवाढीच्या पत्रात ‘बाकी अटी पूर्वीप्रमाणे’ एवढंच आहे, की किमान मुदतीची नवी अट घुसवलीय? शेवटचं पेमेंट पूर्ण मुदतीला बांधलंय का? मध्ये एजन्सी असेल तर तिच्याशी असलेला करार वेगळा वाचा, त्यातली नोटीस बऱ्याचदा वेगळी असते. नवीन ठिकाणी रुजू व्हायची तारीख सांगताना हे दिवस धरावे लागतात.

पाऊलवाट
मला दोघांपेक्षा वेगळीच भीती आहे. मी ‘शोध चालू आहे तोवर’ म्हणत तीनदा मुदतवाढ घेतली. पहिल्या सहीनंतर महिनाभर अर्ज केले, मग कामाचा रेटा आला, मग वाटलं अजून पाच महिने आहेत. दोन वर्षं अशी गेली, आणि शोध दर वेळी शेवटच्या तीन आठवड्यांत धापा टाकत. सही केलीत तर आठवड्यातली एक संध्याकाळ अर्जांसाठी राखून ठेवा. खरं तर तीनच महिने मागा.

जुनापक्षी
तीन महिने मागितले की त्यांना लगेच कळणार, ही जाणारे. उद्यापासून तिच्या जागी माणूस शोधतील.

सांधेवाला
शोधतील, मीही शोधेन. ती किंमत आहेच. पण तीन महिने मागणाऱ्याला मी ते देईन, कारण मला कुठवर मोजायचं ते कळेल. नंतर कोणी विचारलं तर त्याच्याबद्दल हो म्हणताना अडखळणारही नाही.

निळीशाई
सगळ्यांचे आभार. कलमवाचक, तुमच्यामुळे करार नीट वाचला. कंपनीला १५ दिवसांची नोटीस पुरते, मला ३० दिवसांची द्यावी लागते! वर्षभर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जुनापक्षी, यानंतर सहीबद्दलची टोचणी बरीच कमी झाली. तरी सहा महिन्यांचा आकडा मला लिहवेना.
आज मॅनेजरना मेल टाकली: ‘तीन महिन्यांची मुदतवाढ मला चालेल. नोटीस दोन्ही बाजूंना १५ दिवस असावी. हातातल्या टेस्टची नोंद पहिल्याच महिन्यात लिहून देते, म्हणजे पुढे कोणीही ते काम उचलू शकेल.’ बाहेर शोधतेय हे लिहिलं नाही, पण त्यांनी विचारलं तर नाही म्हणणार नाही. तिसरी फेरी गुरुवारी आहे.

जुनापक्षी
नोटिशीचं लेखी घ्या, तोंडी नको. आणि त्यांनी तीनला नकार दिला तर सहावर सही करा, रिकाम्या हाताने निघू नका.

सांधेवाला
इथे आपलं जमायचं नाही. नकार आला तर त्यांच्याशी समोरासमोर बोला, मग सही.