प्रतिसाद: माणसं गेली आणि वणवे वाढले

'जंगल वाचवायचं तर आतल्या माणसांना बाहेर काढा' हे मत मला अजिबात पटत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडचंच बघा. तिथले मूलनिवासी हजारो वर्षं कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच गवत थोडं थोडं पेटवत आले. तेव्हा गवतात ओल असते, आग बुटकी राहते आणि रात्रीच्या दवाने विझते. जळालेले पट्टे पुढे मोठ्या वणव्याला अडवतात. विसाव्या शतकात लोक वस्त्यांकडे गेले, राने ओस पडली आणि ऋतूच्या शेवटी प्रचंड वणवे पेटू लागले. २००६ पासून पश्चिम आर्नहेममध्ये मूलनिवासी वनरक्षकांनी जाणत्यांच्या सल्ल्याने ही पद्धत पुन्हा सुरू केली (आता हेलिकॉप्टरचीही मदत असते). वणव्यांतून होणारं हरितगृह वायूंचं उत्सर्जन घटलं आणि त्या कामाचे त्यांना पैसेही मिळतात.

हे शक्य झालं कारण ऑस्ट्रेलियाच्या १९७६ च्या मूलनिवासी जमीन हक्क कायद्याने जमिनीची मालकी त्यांच्याकडे परत येऊ लागली होती. आपण नुसतं 'पारंपरिक ज्ञान' म्हणून कौतुक करतो, हक्काचं नावही काढत नाही. मला खटकतं ते हेच.