नऊ वर्षांचा मुलगा, वजन वाढतंय, घरात दोन मतं. काय घ्यावं, कसं वागावं? (सातारा)

सदरबझारची_आई | 9 जून
नमस्कार. मुलगा नऊ वर्षांचा, यंदा चौथीत. उंची 132 सेंमी, वजन 41 किलो. दीड वर्षात आठ किलो वाढलं. डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या, आजार काही नाही. "खाणं आणि हालचाल बघा" म्हणाले. आमचं तिथंच अडतं. ह्यांचं म्हणणं गोड बंद, मोबाईल बंद, रोज पन्नास सूर्यनमस्कार. मला ओरडणं जमत नाही. तो तोंड पाडून बसला की मीच बिस्किटांचा डबा काढते. सासूबाई आम्हा दोघांनाही न विचारता भातावर तूप ओततात. परवा कपाटात त्याच्या स्वेटरमागं कंदी पेढ्यांचा रिकामा बॉक्स सापडला, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.
एकदाच 3,000 रुपये खर्च करू शकते, महिन्याची फी सध्या जमणार नाही. काय घेतलं तर तो हलेल? आणि कडक वागावं की मऊ?

गोडोलीकर_सायकलवाला | 9 जून
सायकल. दुसरा विचारच नको. लेकीला गिअरची घेतली, 16,500 ला. आता रोज वाढे फाट्यापर्यंत जाऊन येते. स्वस्तातली घेऊ नका, चेन सारखी उतरते.

सदरबझारची_आई | 9 जून
दादा, 3,000 च आहेत.

गोडोलीकर_सायकलवाला | 9 जून
हप्त्यावर मिळते की.

तालीम_कराड | 9 जून
ताई, सायकल-बियकल काय नको. आमच्या बापानं पहाटं पाचला उठवून तालमीत सोडलं, नाय म्हणायची टाप नव्हती. आमच्या गोळेश्वरच्या खाशाबांनी 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, ते काय लाडानं? कडक ऱ्हावा. पोरगं चार दिस रडंल, पाचव्या दिशी पळंल.

दोन_लेकींची_आई | 10 जून
काका, खाशाबांचे वडील स्वतः पैलवान होते. घरातच कुस्ती होती. पोराला सूर्यनमस्काराला उभं करून बाबांनी सोफ्यावर बातम्या बघणं आणि ते, यात फरक आहे. ताई, ह्यांना विचारा, ते किती घालतात?

घड्याळाचा_अनुभव | 10 जून
पावलं मोजणारं घड्याळ अजिबात घेऊ नका. 2,800 गेले. आमचा पठ्ठ्या अंथरुणात पडून हात हलवायचा आणि आकडा वाढवायचा. रोज 10,000 ची सक्ती केली होती, म्हणून खोटं करायला शिकला. चूक माझी होती, घड्याळाची नाही.

आहारतज्ज्ञ_मिरज | 10 जून
आधी एक गोष्ट. मोठ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) तक्ता मुलांना लावू नका. वय आणि मुलगा-मुलगी पाहून वाचायचे तक्ते असतात, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे 2015 चे आहेत. डॉक्टरांकडून त्यावर बिंदू मांडून घ्या आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा. वाढत्या वयात बऱ्याचदा वजन उतरवण्यापेक्षा ते थोपवून उंची वाढू देणं हेच उद्दिष्ट असतं. त्याचं काय ठेवायचं ते डॉक्टर सांगतील.
आता कडक की मऊ. डायना बॉमरिंड यांनी 1960 च्या दशकात पालकांच्या तऱ्हा मांडल्या: हुकूम सोडणारे, सगळं चालवून घेणारे, आणि नियम ठाम ठेवून मुलाचं ऐकणारे. दुर्लक्ष करणारे ही चौथी तऱ्हा पुढं जोडली गेली. 2006 मध्ये अमेरिकेत पहिलीतल्या 872 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ठाम पण ऐकणाऱ्या आयांच्या मुलांशी तुलना केली, तर हुकमी आयांच्या मुलांत जास्त वजनाची शक्यता जवळपास पाचपट दिसली. लाडावणाऱ्या आणि दुर्लक्ष करणाऱ्यांच्या मुलांत सुमारे दुप्पट. हे कारण सिद्ध झालं असं नाही, पण तुमच्या घरातली दोन्ही टोकं त्यात आहेत. तिसरी वाट अशी: ताटात काय आणि किती वाजता हे तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याच्या पोटावर सोडा. पेढा ना बक्षीस, ना गुन्हा. पंचमीला, वाढदिवसाला सगळ्यांबरोबर उघडपणे खाऊ दे.

तालीम_कराड | 10 जून
अमेरिकेचं साताऱ्यात चालत नाय.

स्टेडियम_पहाटे | 11 जून
धनुर्विद्या लावा! आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी 2023 ला बर्लिनमध्ये जगज्जेती झाली, अवघी 17 वर्षांची. माझा भाचा दोन वर्षं जातोय, खांदे बघा त्याचे. फीचं काय, मुलापेक्षा पैसा मोठा नाही.

नाव_नको | 11 जून
कंदी पेढ्यांचा बॉक्स वाचला आणि लिहायला बसले. माझी आई माझ्या पोळ्या मोजायची. पाहुण्यांसमोर "हिला वाढू नका" म्हणायची. मी बाथरूममध्ये कडी लावून शेव खायचे. आज 34 वर्षांची आहे, घरात एकटी राहते, कुणी अडवणारं नाही, तरी फरसाण उभ्या उभ्या, घाईघाईनं खाते. आईला माझी काळजीच होती, हे मला आता कळतं. पण बॉक्स सापडल्याचं त्याला ओरडून विचारू नका, हात जोडते. आणि त्याच्यासमोर वजनाचा आकडा बोलू नका.

गोडोलीकर_सायकलवाला | 11 जून
जुनी सायकल पोवई नाक्याकडं 4,000 पर्यंत मिळेल.

यवतेश्वर_वळण | 12 जून
सगळे सायकल, मैदान सांगताय. पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत काय करणार? मागच्या वर्षी आमचं रोज अजिंक्यतारा चढायचं ठरलं होतं, ते नऊ दिवस टिकलं. घरात हलता येईल असं काहीतरी बघा. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाला दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, पण ती सलगच पाहिजे असं नाही. वीस-वीसचे तीन तुकडे चालतात.

स्टेडियम_पहाटे | 12 जून
तेच म्हणतोय, धनुर्विद्या लावा.

सदरबझारची_आई | 6 जुलै
सगळ्यांचे आभार. सायकल घेतली नाही, क्लासही नाही.
बॉक्सबद्दल काही बोलले नाही. एवढंच विचारलं, तुला काय खेळायला आवडेल? तो म्हणाला, "बाबांना हरवायला आवडेल." दुकानातून चिमट्यानं बसणारी जाळी, चार बॅटी आणि बारा चेंडू आणले, 1,150 रुपये. जेवणाच्या टेबलावर टेबल टेनिस चालतं. त्यामुळं जेवायला आता सगळे खाली सतरंजीवर बसतो, सासूबाई मध्ये. भांडी मधोमध असतात, ज्याचं त्यानं वाढून घ्यायचं. तूप त्या अजून वाढतात, पण आता विचारून, एक चमचा.
सूर्यनमस्कार ह्यांनी मागं घेतले. संध्याकाळी सात ते आठ बापलेक खेळतात, चेंडू कपाटाखाली गेला की तोच धावत जाऊन वाकून काढतो. परवा घामानं शर्ट बदलला त्यानं. वजन अजून केलेलं नाही, सप्टेंबरमध्ये डॉक्टरांकडंच करू.

तालीम_कराड | 6 जुलै
टेबलावर चेंडू टोलवून पोरगं घडत नाय ताई.

सदरबझारची_आई | 6 जुलै
काका, काल तो 11-9 नं जिंकला. ह्यांनी पुन्हा डाव मागितला.