मुंबईजवळ एका दिवसात जंगल आणि नदी?

पनवेलला राहतो, आई पण येणारे सोबत, तर जंगल नि नदी दोन्ही मिळेल असं लोकलने जाण्यासारखं काही सुचवा ना

– कर्जतला उतरा, टमटमने कोंदिवडे, तिथून झाडीतून चालत कोंढाणे लेणी. उल्हास नदी गावाजवळूनच वाहते, लेणी बौद्ध आहेत नि राजमाचीची वाट पण तिथूनच वर जाते. पावसाळ्यात मात्र नदीत उतरू नका हं, वर पाऊस झाला की पाणी अचानक चढतं, माझ्या डोळ्यांदेखत चढलंय

– दादा तुम्हाला तर कर्नाळाच जवळ! किल्ल्यापर्यंत नको, आईंना चढ झेपणार नाही, आणि सुळक्याला आग्यामोहोळं असतात, तिथे आरडाओरडा अजिबात नको. खालीच पक्षी बघा, सकाळी लवकर

– धन्यवाद ताई, आधी कर्नाळाच