पायथॉन : बटणाने दुसऱ्या फाइलमधला कोड एकदाच चालतो, दुसऱ्यांदा दाबलं की काहीच होत नाही

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये आमची संत्र्याची अडत आहे. वजनांच्या सीएसव्ही फाइलवरून हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी (मालाच्या हिशोबाचा कागद) काढणारा कोड मी पट्टी.पीवाय या फाइलमध्ये लिहिलाय. काळ्या खिडकीतून (कमांड प्रॉम्प्टमधून) तो बरोबर चालतो. पण आमचे दिवाणजी काकाजी त्या खिडकीला हात लावत नाहीत, म्हणून टीकेइंटरमध्ये (पायथॉनमध्ये खिडक्या, बटणं करायची लायब्ररी) एक खिडकी आणि एकच मोठं बटण केलं : 'पट्टी काढा'.

बटणाच्या फंक्शनमध्ये 'इम्पोर्ट पट्टी' लिहिलं. पहिल्यांदा दाबलं, पट्टी निघाली. नवीन वजनं भरून पुन्हा दाबलं तर काहीच नाही, एररसुद्धा नाही. परवा जुन्या वजनाची पट्टी शेतकऱ्याच्या हातात जाता जाता राहिली. काकाजींनी आकडा ओळखला म्हणून बरं. रात्रभर राबून माल आणलेल्या माणसाला चुकीचा कागद देणं मला पटत नाही.

मग सबप्रोसेस.रन (दुसरी फाइल वेगळा प्रोग्राम म्हणून चालवणारी आज्ञा) वापरून बघितलं. कोड दर वेळी चालतो, पण दिवसभराच्या पट्ट्या निघेपर्यंत खिडकी गोठते. काकाजींना वाटतं बटण दाबलंच गेलं नाही, ते पुन्हा दाबतात आणि पट्ट्या दोनदा छापल्या जातात. आंबिया बहाराची आवक वाढायच्या आत हे नीट करायचंय. योग्य पद्धत कोणती?

उत्तर :

भाऊ, इम्पोर्ट म्हणजे 'चालव' नाही. पायथॉन फाइल पहिल्या इम्पोर्टला वरपासून खालपर्यंत चालवतो आणि ते मॉड्यूल (म्हणजे ती चाललेली फाइल) सिस.मॉड्यूल्स या यादीत ठेवतो. पुढच्या वेळी तिथलंच परत देतो. रीलोडच्या (मॉड्यूल पुन्हा चालवायला लावण्याच्या) नादी लागू नका. सगळं काम एका फंक्शनमध्ये घाला, फाइल सुरुवातीला एकदाच इम्पोर्ट करा आणि बटणातून ते फंक्शन बोलवा. बटणाच्या कमांड या पर्यायात फंक्शनचं नुसतं नाव द्या. पुढे कंस लावलात तर खिडकी उघडतानाच काम होऊन जाईल आणि बटण रिकामं राहील.

खिडकी गोठते कारण रन काम संपेपर्यंत थांबून राहतो, तेवढा वेळ मेनलूपला (खिडकी चालू ठेवणाऱ्या चक्राला) क्लिक बघता येत नाहीत. फंक्शन वेगळ्या थ्रेडमध्ये (त्याच प्रोग्राममध्ये बाजूला चालणाऱ्या कामात) सुरू करा, त्याआधी बटण डिसेबल करा. त्या थ्रेडमधून खिडकीच्या कुठल्याही भागाला हात लावू नका. 'झालं' हा निरोप क्यूमध्ये (निरोपांच्या रांगेत) टाका, खिडकीने दर 100 मिलिसेकंदांनी आफ्टर (ठरावीक वेळाने फंक्शन बोलवणारी टीकेइंटरची सोय) वापरून क्यू तपासावी आणि बटण पुन्हा सुरू करावं.

मूळ प्रश्नकर्ता :

खूप आभार. खिडकी आता गोठत नाही, बटणही एकदाच दाबलं जातं. पण वजनं अजून जुनीच येत होती. शोधलं तर सीएसव्ही वाचणारी ओळ फंक्शनच्या बाहेर, फाइलच्या अगदी वर राहिली होती. ती आत घेतली. आज काकाजींनी लागोपाठ तीन गाड्यांच्या पट्ट्या काढल्या, तिन्ही काट्याच्या चिठ्ठीशी जुळल्या.